वाईट वर्षाचा रकाना

यांची कंपनी शेतीच्या यंत्रांना लागणारे पंप बनवायची. मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीच्या घरापासून कारखाना गाडीने अर्ध्या तासावर होता आणि हे तिथे डिझाइनमध्ये वीसेक वर्षं होते. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कंपनीने साठी ओलांडलेल्यांना मुदतीआधी निवृत्ती देऊ केली. देऊ केली असं आपलं म्हणायचं. नाही घेतली तर पुढच्या वर्षी काय होणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. यांनी सही केली, घरी आले आणि रोजच्यासारखा चहा मागितला.

आम्हाला पैशांची चणचण नव्हती. घराचे हप्ते फिटले होते, मुलगी शिकून कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरीला लागली होती. अडचण एकच होती, आणि ती मी होते. या देशात पासष्टी गाठली की सरकारचा मेडिकेअर हा आरोग्यविमा मिळतो. त्याआधी ज्याची नोकरी गेली त्याचा विमाही जातो. मी गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायचे, परत आलेली पुस्तकं तपासून मांडणीवर लावायचे. त्या कामाला विमा नव्हता. आणि पाच-सहा वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला होता. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला त्या काळी बाहेरची कुठलीही विमा कंपनी दारात उभं करत नसे. यांच्या कंपनीने निवृत्तांना पासष्टीपर्यंत आपल्याच विम्यात राहू द्यायचं कबूल केलं होतं, नवरा-बायको दोघांनाही. तेवढ्या एका कलमासाठी यांनी सही केली होती, हे मला ठाऊक होतं. ते आम्ही कधी बोललो नाही.

ऑक्टोबरात कंपनीने निवृत्त होणाऱ्यांना जोडीने बोलावलं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारून खुर्च्यांच्या रांगा केल्या होत्या. कॉफी होती, डोनट होते आणि प्रत्येक खुर्चीवर कंपनीच्या निळ्या रंगाची पाण्याची बाटली होती. समोर एक तरुण मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होती. तिने सांगितलं की आता दोन पर्याय आहेत. एक जुना प्लॅन: दर महिन्याला भला मोठा हप्ता भरायचा, मग डॉक्टरकडे जाताना किरकोळ पैसे द्यायचे. दुसरा अगदी नवा: हप्ता बराच कमी, पण वर्षातला पहिला काही हजारांचा खर्च आपल्याच खिशातून. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. ती भरून झाल्याशिवाय विमा कंपनी हात लावत नाही. त्या खर्चासाठी एक खास बचत खातं उघडायचं, त्यात टाकलेल्या पैशावर कर नाही, आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षी आपलेच. दर जानेवारीला डिडक्टिबल मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पुढच्या रांगेतल्या, डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. ज्याला आजार आधीच आहे त्याने कोणता घ्यावा, असं त्याने विचारलं. ते प्रत्येकाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, असं ती हसून म्हणाली. म्हाताऱ्याची बायको त्याच्या शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिने मान खाली घातली. मी तिच्याकडे पाहत राहिले, कारण त्या क्षणी मीही तेच करणार होते.

परतीच्या वाटेवर हे खूप उत्साहात होते. नव्या प्लॅनची रचना त्यांना आवडली होती. ज्या माणसाने जन्मभर एका नटबोल्टची किंमत चार ठिकाणी विचारली, त्याला स्वतः खर्च ठरवायची मुभा म्हणजे मेजवानीच. पण घरी येईपर्यंत ते गप्प झाले. गाडी गॅरेजमध्ये लावून म्हणाले, जुनाच घेऊ.

का, ते मी विचारलं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे मात्र जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले असायचे. त्यांनी तीन रकाने आखले होते: चांगलं वर्ष, बरं वर्ष, वाईट वर्ष. प्रत्येक वर्षी कोणत्या प्लॅनमध्ये काय खर्च येईल, ते खाली मांडलं होतं. चांगल्या वर्षात नुसती तपासणी आणि लसी. बऱ्या वर्षात एखादं हाड मोडणं, एखादं छोटं ऑपरेशन. वाईट वर्षाच्या रकान्यात खर्चाचे आकडे होते, पण आजाराचं नाव नव्हतं.

भाजी निवडता निवडता मी तो कागद वाचला आणि विचारलं, "वाईट वर्ष म्हणजे माझं ना?"

"कुणाचंही असू शकतं," हे म्हणाले.

"मग तुमचं नाव घाला."

ते हसले. यांना मी तीस वर्षांत तापाने झोपलेलं पाहिलं नव्हतं. मिनेसोटाच्या थंडीत रोज सकाळी मॉलमधली दुकानं उघडायच्या आधी जाऊन तिथल्या आतल्या वाटेवर तासभर चालणारा माणूस. त्यांचं नाव त्या रकान्यात शोभलं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

याच सुमारास ते माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंना एकटे जाऊन भेटून आले. मला ते चुकून कळलं. पुढच्या वेळी मी तपासणीला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, तुझा नवरा फार बारकाईने प्रश्न विचारतो. त्यांनी बाईंना विचारलं होतं की मी पासष्टीला पोहोचेपर्यंत हा आजार परत यायची शक्यता शंभरात किती. बाईंनी आकडा सांगितला की नाही, ते मी विचारलं नाही. घरी येताना गाडीत मात्र माझा नवरा माझ्या मरणाचा भाव काढून आला आहे, असं काहीतरी मनात आलं. ते खोटं होतं. तो घाबरला होता आणि घाबरल्यावर त्याला आकडेच सुचायचे. पण त्या दिवशी मला तसं वाटलं, ते वाटलंच.

मुलीला रविवारी फोन केला की हे स्पीकर लावायचे. तिनेही सगळं वाचून काढलं होतं. तिचं मराठी चांगलं, पण काळजीत असली की ती इंग्रजीवर जायची. ती म्हणाली, "बाबा, पैशांचं सोडा. व्हॉट इफ आई गेट्स सिक अगेन? जो सेफ आहे तो घ्या ना." मी शेजारीच बसले होते. ते दोघे माझ्याविषयी बोलत होते, फार प्रेमाने बोलत होते, आणि मी त्या बोलण्यात एखाद्या जुन्या गाडीसारखी होते, जिच्यावर अजून किती खर्च करावा लागेल ते सांगता येत नाही.

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं की मला नवा प्लॅन हवा आहे.

"तुला त्यातलं कळलंय का नीट?" हे म्हणाले.

"कळलंय. तुमच्याच कागदावर आहे. वाईट वर्षातसुद्धा दोन्हींचा एकूण खर्च जवळपास सारखाच येतो. आणि चांगल्या वर्षात नव्यात पुष्कळ पैसे वाचतात."

"मग घाई काय आहे? जुन्यात निवांतपणा आहे."

"कुणाला? जुना घेतला तर दर महिन्याला तो हप्ता भरताना तुम्ही मनात म्हणणार, हिला परत होणार आहे, त्याची तयारी. मला नाही तसं राहायचं. मी बरी झालेय असं या घरात कुणीतरी धरून चला."

यांनी ताटातला शेवटचा घास संपवला, हात धुतला आणि कागद गोळा करून खणात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या प्लॅनच्या फॉर्मवर सही केली. एक अट घातली. त्या खात्यात दरवर्षी कायद्याने चालेल तेवढी पूर्ण रक्कम टाकायची आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. मी हो म्हटलं.

पहिलं वर्ष खरोखरच चांगलं गेलं. यांना त्या खात्याचा नादच लागला. एकदा नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीला गेले, तर काउंटरवरच्या बाईला म्हणाले, या टेस्टची किंमत काय? तिला माहीत नव्हती. तिने आतल्या बाईला विचारलं, तिलाही नव्हती. त्या दोघींनी मिळून कुठेतरी फोन लावला. मागे रांग वाढत गेली, मी खुर्चीत संकोचून बसले. शेवटी त्या बाईने सांगितलं की बिल आलं की कळेल. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेलंच नाही. घरी येताना हे म्हणाले, आम्हाला शहाणे ग्राहक व्हा म्हणतात आणि दुकानात किमतीच लावलेल्या नाहीत. त्यावर ते महिनाभर तरी हसत होते, भेटेल त्याला सांगत होते.

माझ्या बाबतीत मात्र ते किंमत विचारत नसत. दुसऱ्या वर्षी वसंतात माझा डावा खांदा धरला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. मी म्हटलं, शेकून बघू आठवडाभर. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले, डॉक्टरांनी स्कॅन सांगितला, स्कॅनचं बिल आलं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. खांदा नुसता आखडला होता, बाकी काही नव्हतं. मी म्हटलं, उगाच गेले पैसे. हे म्हणाले, ते त्याचसाठी आहेत.

त्या वर्षी, दोन हजार सहाच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, यांना ताक फार आवडायला लागलं. असं मला वाटलं. जेवताना दर दोन घासांनंतर ताकाचा पेला उचलायचे. मग भाकरी नको म्हणाले. मग पोळी आमटीत कुस्करून घ्यायला लागले, पार भिजेपर्यंत थांबायचे. मी म्हटलं, दातांचं काही आहे का? म्हणाले, म्हातारपण आहे. पट्ट्याला नवीन भोक पाडलं तेव्हा म्हणाले, बघ, चालण्याचा उपयोग. दिवाळीला आमच्या गावातली मराठी मंडळी जमली होती, तिथे त्यांनी चिवड्याला हात लावला नाही, बासुंदी मात्र दोनदा घेतली. कुणीतरी त्यावरून थट्टाही केली.

नाताळात मुलगी आली होती. विमानतळावर तिला सोडताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली की बाबा खूप बारीक दिसतायत. मी घरी येऊन ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी अपॉइंटमेंट आहे, घशाचं जरा दाखवायचंय. मला बरं वाटलं. हा माणूस आपणहून डॉक्टरकडे जातोय, याचंच मला नवल वाटलं.

त्या दिवशी मीही बरोबर गेले. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली होता आणि गाडी तापायला वेळ लागला. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने गळ्याला हात लावून पाहिलं, वजन मागच्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहिलं, आणि गिळायला त्रास कधीपासून होतोय, असं विचारलं.

हे म्हणाले, ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून.

डॉक्टरने लिहिणं थांबवलं. आधी घट्ट पदार्थच अडकायचे का, आता पातळही अडकतं का, असं त्याने विचारलं. हे अगदी नीट, क्रमाने सांगत गेले. आधी भाकरी. मग पोळी. मग भात. दोन आठवड्यांपासून पाणीसुद्धा कधी कधी थांबतं. एखाद्या पंपाचा बिघाड सांगावा तसं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोट मांडीवर घेऊन बसले होते. तीन महिने ज्याच्यासमोर बसून जेवले, त्याच्या घशाची ही हकीकत मी एका परक्या मुलाबरोबर पहिल्यांदा ऐकत होते.

खाली गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"अपॉइंटमेंट कधी घेतली होती?" मी विचारलं.

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात जानेवारीची घेतली? आधीची नव्हती?"

"होती. पुढच्याच आठवड्याची देत होते." ते समोरच्या काचेवरच्या बर्फाकडे बघत होते. "नोव्हेंबरात तपासण्या सुरू केल्या असत्या तर गेल्या वर्षीचं डिडक्टिबल भरावं लागलं असतं, आणि दोन महिन्यांत परत नव्या वर्षाचं. जानेवारीत सुरू केलं की एकदाच. फार दिवस नव्हते राहिले."

"आणि माझा खांदा? तेव्हा थांबलात का तुम्ही?"

"ते पैसे तुझे आहेत," हे म्हणाले. "तुला लागले तर असावेत म्हणून."

मी तोंड उघडलं असतं तर ओरडले असते. त्यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही घरी आलो.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. कॅमेरा घालून पाहिलं तेव्हाच तिथल्या माणसांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, तुकड्याचा रिपोर्ट नंतर आला. यकृतावरही ठिपके होते. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. औषधं आणि किरण देऊन गाठ आकसेल, थोडं गिळता येईल, काही महिने मिळतील. यांनी त्या डॉक्टरांना शक्यता शंभरात किती, असं काही विचारलं नाही. मी वाट पाहत होते, पण नाही विचारलं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त डॉक्टर होते, मूळचे नागपूरचे, सत्तरच्या दशकात इथे आलेले. तलावापलीकडे त्यांचं घर. यांना किरणांसाठी रोज न्यायचं असायचं, तेव्हा ते आपली गाडी घेऊन यायचे, कारण बर्फात गाडी चालवायची मला भीती वाटायची. एकदा हे आत गेले असताना आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. मी त्यांना विचारलं की नोव्हेंबरात दाखवलं असतं तर फरक पडला असता का.

ते टोपी हातात घेऊन तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मला नाही माहीत. बहुतेक नसता पडला. आणि पडला असता असं मला माहीत असतं, तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं."

मला ते उत्तर अजून पुरत नाही. पण त्याहून खरं उत्तर कुणी दिलेलं नाही.

फेब्रुवारी सुरू व्हायच्या आतच त्या वर्षाचं डिडक्टिबल भरून झालं. त्यानंतरचं सगळं विमा कंपनीने भरलं, एका पैवरूनही कुरबुर न करता. यांच्या पोटाला नळी बसवलेली, आवाज खोल गेलेला, तरी एकदा पलंगावर पडून म्हणाले की आता कितीही आजारी पडलो तरी फुकट आहे. विनोद म्हणून म्हणाले. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

नळीतून डब्यातलं पांढरं औषधी दूध द्यावं लागायचं. ते मी शिकले. एका हाताने नळी वर धरायची, दुसऱ्याने हळूहळू ओतायचं, घाई केली की पोटात कळ येते. दिवसातून कितीदा तरी. घरात त्या दुधाचा गोडूस वास भरून राहायचा. मी स्वतःसाठी रांधायचं सोडून दिलं होतं. समोर एक माणूस गिळू शकत नाही आणि आपण चावून खायचं, हे जमत नव्हतं. उभ्या उभ्या टोस्ट खायचे, लायब्ररीतून आले की केळं खायचे.

त्यांच्या ते लक्षात आलं. एका दुपारी भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आले, शेगडीजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आमटी कर."

मी म्हटलं, कुणासाठी?

"तुझ्यासाठी. फोडणी दे नीट. मला वास तरी येऊ दे."

मी तेल तापवलं. मोहरी, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची. बाहेरच्या कुणाला ठसका लागला असता एवढी खमंग फोडणी दिली. ते डोळे मिटून बसले होते. मग मी भात वाढून घेतला आणि त्यांच्यासमोर बसून जेवले, सगळा भात. त्यानंतर रोज तसंच करायचं ठरलं. ऑगस्टपर्यंत ते स्टुलावर येऊन बसत होते. पुढे पुढे मी दार उघडं ठेवायचे, म्हणजे पलंगापर्यंत वास जाईल.

मेपल लाल व्हायला लागले तेव्हा ते गेले. घरीच गेले, सकाळी. मुलगी आलेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि खिडकीचा पडदा सरकवला. यांनी सांगून ठेवलं होतं की अस्थी पुण्याला न्यायच्या नाहीत, म्हणून मिनेसोटा नदीतच सोडल्या. तिथे तसं चालतं की नाही, मी कुणाला विचारलं नाही.

मुलगी महिनाभर राहिली. घर विकून टाकायचं, सामान आवरायचं आणि मी सनीव्हेलला जायचं, असं तिच्या मनाने ठरवलं होतं. माझीही ना नव्हती. त्या घरात मला काही उरलं नव्हतं. पण यांच्या कंपनीने विधवा बायकोला पासष्टीपर्यंत ठेवलेला विमा मिनेसोटातल्या डॉक्टरांपुरताच होता. कॅलिफोर्नियात अपघात झाला तर चालणार होतं, राहायला गेले तर नाही. तिला ते खरं वाटेना. तिने तिच्या नोकरीच्या विम्यात आईला घालता येतं का विचारलं, येत नव्हतं. मग ती माझ्यासाठी तिकडच्या विमा कंपन्यांना एकामागून एक फोन करत बसली. प्रत्येक फोन थोडा वेळ चांगला चालायचा. वय, उंची, वजन, सिगारेट नाही. मग तो प्रश्न यायचा आणि ती माझ्याकडे बघत हळू आवाजात येस म्हणायची. पलीकडचा माणूस सॉरी म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर तिने फोन खाली ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. बाबा गेले तेव्हा ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं की मी इथे राहीन पासष्टीपर्यंत, तेवढं जमेल. ती गेली. मी राहिले. रस्त्यापलीकडचा शेजारी आपला बर्फ काढताना माझाही काढून द्यायचा. लायब्ररीत मी तास वाढवून घेतले.

पुढच्या वर्षी, दोन हजार आठच्या शरदात, कंपनीकडून पुन्हा तेच पाकीट आलं. आता फक्त माझ्यासाठी निवड करायची होती. तेच दोन प्लॅन, हप्ते मात्र दोन्हींचे वाढलेले. मी जुना, महाग प्लॅन निवडला.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती गोंधळली. तिने आकडे मांडून पाहिले होते. ती म्हणाली, "आई, यू विल लूज मनी. बाबांनी कॅल्क्युलेट केलं होतं ना? नव्यातच फायदा आहे. आणि त्या अकाउंटमध्ये अजून पैसे आहेत, ते वापर ना."

खात्यात पैसे होते खरे. यांच्या आजारपणात त्यातले बरेच गेले, पण सगळे नाहीत. नवऱ्याच्या मागे ते बायकोच्या नावावर होतात. त्यांची इच्छाच होती ती.

मी तिला म्हटलं, "फायदा आहे, मान्य आहे. पण मला काही दुखलं तर त्या दिवशी डॉक्टरकडे जायचंय. कोणता महिना चालू आहे ते आधी बघायचं नाहीये."

ती म्हणाली, "ओके, आई."

नव्या प्लॅनमध्ये आम्ही दोघं चार माणसांएवढा विचार करत जगलो होतो. डॉक्टरकडे जायला हवं का, थांबता येईल का, किती पडेल, कधी गेलेलं परवडेल. एकटीला एवढा विचार करायची ताकद माझ्यात राहिली नव्हती, आणि ती राहावी अशी इच्छाही नव्हती. दर महिन्याला तो हप्ता जातो तेव्हा माझ्या मनात काय येतं, असं कुणी विचारलं तर सांगेन की काही येत नाही. बँकेतून आपोआप जातो.

जुना प्लॅन जानेवारीपासून लागू होणार होता. पण नोव्हेंबरातच मला खोकला झाला. कोरडा, साधा, लायब्ररीत सगळ्यांनाच झालेला. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. अजून नव्या प्लॅनचंच डिडक्टिबल चालू होतं, त्यामुळे सगळे पैसे माझेच जाणार होते, हे मला माहीत होतं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड मागितलं. मी यांच्या खात्याचं कार्ड दिलं, आता माझं असलेलं. डॉक्टरने पाठीवर नळी लावून ऐकलं, घसा पाहिला आणि काही नाही म्हणाला. गरम पाणी पीत राहा, आठवडाभरात जाईल.

मी बाहेर आले. पार्किंगमध्ये वारा सुटला होता आणि पहिला बर्फ आडवा येत होता. हातमोजे घालता घालता मला एकदम जोराची ढास लागली, गाडीला टेकून उभी राहिले. शेजारच्या गाडीतल्या एका बाईने काच खाली करून विचारलं, बरी आहेस ना. मी मान डोलावली. ती गेल्यावर मी आत बसले, हीटर लावला आणि काच स्वच्छ होईपर्यंत थांबले.